आपोआप मोजलेला लंबक

माझं डोकं लवकर तापतं. केस पांढरे झाले, शाळेतून निवृत्त होऊन बरीच सालं झाली, तरी रिक्षावाल्याशी, बँकेच्या खिडकीतल्या माणसाशी, अगदी कुकरच्या शिट्टीशीसुद्धा माझं वाजतं. घरातले म्हणतात, या स्वभावापायी तुझं लई नुकसान झालं. झालंही असंल. पण एकदा या तापट डोक्यानंच मला तारलं, आणि ते तारतंय हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. आयुष्यात सगळ्यांत जास्त हायसं कधी वाटलं असं कुणी विचारलं, तर मला नोकरी लागल्याचा दिवस आठवत नाही, लेकराचं बाळंतपण आठवत नाही. एका लंबकाचा प्रयोग आठवतो.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेज आपल्या धाराशिव जिल्ह्यातलंच, तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद. कुठलं ते सांगत नाही, कारण आता त्यात कुणाचंच भलं नाही. आम्ही मेंढरंवाले. बहात्तरच्या दुष्काळात मी आठ-नऊ वर्षांची होते; तेव्हापासून चाऱ्याच्या मागं कधी कळंबच्या अंगाला, कधी खाली कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत आमचं बिऱ्हाड हिंडायचं. त्या हिंडण्यात माझी शाळा कशी टिकली ते मलाही नीट सांगता यायचं नाही. मावशीच्या घरी राहून मॅट्रिक झाले, बारावी झाले, आणि मग मुलींच्या वसतिगृहात मला एक खाट मिळाली.

ती खाट म्हणजे माझं सगळं होतं. लोखंडी, मधे खोल गेलेली, एका पायाखाली वीट. पण तिच्याबरोबर दोन वेळचं जेवण होतं आणि डोक्यावर बल्ब होता. वसतिगृहाचा नियम साधा होता : वर्ष वाया गेलं की खाट गेली. बाहेर चार पोरी त्याच खाटेवर डोळे लावून असायच्या. माझी खाट गेली असती तर मला परत मेंढरांमागं जावं लागलं असतं. त्या कामात कमीपणा होता असं मी कधीच म्हणणार नाही. पण मला शिकायचं होतं. लई शिकायचं होतं.

आता जर्नलची गोष्ट सांगायला पाहिजे. फिजिक्सच्या लॅबमध्ये वर्षभर जे प्रयोग करायचे ते जर्नलात लिहायचे, प्रत्येक प्रयोगावर सरांची सही घ्यायची, आणि ते पुरं झालं असेल तरच प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायला मिळायचं. आमच्याकडं जर्नल कुणी नव्यानं लिहीत नसे. ते वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडं यायचं, थोरल्या बहिणीचा परकर धाकटीला यावा तसं. वर्गातला जो तो कुणाचं ना कुणाचं जुनं जर्नल मिळवायचा. त्यात शेवटी उत्तर असायचं. ते उत्तर धरून मागं मागं यायचं, आकडे थोडे इकडंतिकडं करायचे, म्हणजे कुणाला शंका नको. लंबकाच्या प्रयोगाचं उत्तर तर पोरांना पाठच होतं : गुरुत्वाकर्षणाचा आकडा, नऊशे अठ्ठ्याहत्तर. लंबक हलवायच्या आधीच तो लिहून मोकळे व्हायचे.

मलाही जुनं जर्नल मिळणारच होतं. आमच्या खोलीत दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, सगळ्या तिला ताई म्हणायच्या. तिचं जर्नल म्हणजे मोत्यासारखं अक्षर. पण त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. वसतिगृहात दिवसाआड टँकर यायचा आणि माणशी एक बादली पाणी. एक दिवस ताईनं माझी बादली घेऊन स्वतःचे केस धुतले. गुडघ्यापर्यंत केस बाईचे! मी व्हरांड्यात तिला उभं करून जे बोलले ते आज लिहायला धजत नाही. ती लालबुंद झाली आणि म्हणाली, "बघते तुला जर्नल कोण देतंय ते."

आणि खरंच कुणी दिलं नाही. तिनं तिच्या आणि माझ्या, दोन्ही वर्गांत सांगून ठेवलं.

तेव्हा मी काही सत्याची पुतळी होते असं कुणी समजू नये. जर्नल मिळालं असतं तर मीही नऊशे अठ्ठ्याहत्तर लिहून गप झोपले असते. मिळालं नाही, म्हणून मला प्रयोग करावा लागला. सगळ्या वर्गात फक्त मला.

आणि नेमकं त्याच वर्षी मशीन आलं होतं.

कसल्याशा अनुदानातून आलं होतं. करड्या रंगाचा डबा, पुढं काच, काचेत तांबडे चमकणारे आकडे. एका बाजूला छोटा दिवा, समोर त्याचा उजेड टिपणारा डोळा. मधून लंबकाची गोळी गेली की उजेड अडायचा आणि काचेतला आकडा एकानं वाढायचा. वीस मोजून झाले की आपणच थांबायचं आणि किती सेकंद लागले ते दाखवायचं. त्याच्या उद्घाटनाला एका सहकारी संस्थेचे चेअरमन बोलावले होते. नारळ फुटला, मशीनला कुंकू लागलं, हार घालायला जागा नव्हती म्हणून तो दिव्याच्या दांडीला अडकवला. चेअरमनसाहेबांनी विचारलं, "हे काय करतंय?"

"लंबक मोजतंय, साहेब."

"आपोआप?"

"आपोआप."

"वा, वा! मग पोरांनी काय करायचं?" साहेबांनी विचारलं, आणि सगळे हसले. प्रश्न चांगला होता.

मशीन बसवायला आलेला माणूस बटणं दाखवून संध्याकाळच्या यष्टीनं परत गेला. त्याच्याबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून कुणी काढलं नाही. स्टॉपवॉचं कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं.

त्या दिवशी सगळ्यांत गप कोण होतं, तर लॅबमधले मामा. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर, पन्नाशी उलटलेले, चौथी शिकलेले. तारा जोडायच्या, भिंगं पुसायची, लंबकाचा दोरा बांधायचा, सगळं त्यांच्या हातचं. वर्षानुवर्षं नव्या पोरांना मोजायला तेच शिकवत आले होते. पोराला लंबकासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "गोळी मधून गेली की शून्य म्हण. एक न्हाय, शून्य. जाऊन, येऊन, पुन्हा तिकडंच निघाली की मग एक." मशीन आल्यावर ते काम संपलं. मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तांब्याच्या तारेचं गुंडाळं सोडवत राहायचे.

तर मी प्रयोग केला. शंभर सेंटिमीटरचा दोरा, मशीन चालू, गोळी सोडली. वीस मोजून मशीन थांबलं : वीस सेकंद आणि वर नऊ शतांश. पाच वेगवेगळ्या लांब्या घेतल्या, सगळं रीतसर लिहिलं, गुणाकार-भागाकार केले. उत्तर आलं तीन हजार नऊशे चौदा.

मी जर्नल सरांपुढं ठेवलं. आमचे सर तरुण होते, नोकरीला दोनच वर्षं झालेली, रोज कळंबहून यष्टीनं येणारे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी थेट शेवटचा आकडा बघितला, हसले, आणि वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय गं, धाराशिवला पृथ्वी चौपट जड झाली का?" पोरं खदाखदा हसली. पानावर तांबड्या शाईनं शेरा पडला : चूक, पुन्हा करा.

पुन्हा केला. तीन हजार नऊशे एकवीस. पुन्हा तांबडी शाई.

तिसऱ्यांदा तर मी मोजपट्टी बदलली, दोरा बदलला, पंखा बंद करायला लावला. तीन हजार नऊशे सात. बाकीची पोरं मशीनपुढं पाच मिनिटं उभी राहायची, गोळी हलवल्यासारखं करायची आणि नऊशे अठ्ठ्याहत्तर घेऊन जायची. सर टिक करायचे. मला वाटायला लागलं, माझ्याच हातात काहीतरी खोट आहे. मेंढरं वळणाऱ्या पोरीच्या हाताला हे बारीक काम जमायचं नाही, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण मीच मला म्हणायला लागले होते.

तिसऱ्या शेऱ्याच्या वेळी सर आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, परीक्षा तोंडावर आली. नऊशे अठ्ठ्याहत्तर लिही आणि मोकळी हो. मी सही करतो."

त्यांनी हे माझ्या भल्यासाठीच म्हटलं होतं. शहाणी असते तर तिथंच लिहिलं असतं. पण तीन वेळा वर्गात हसं झालं होतं, ताईनं वर्षभर पाण्यात बघितलं होतं, आणि मला ती दया सहन झाली नाही. डोक्यात तिडीक गेली. "ठाऊकच होतं तर मला तीनदा करायला कशाला लावलं? तुम्हीच लिहा मग!" म्हणून मी जर्नल टेबलावर आपटलं आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझा रोल नंबर होता आणि पुढं लिहिलं होतं : जर्नल अपूर्ण. सह्यांचा शेवटचा दिवस शनिवार. त्या दिवशी बुधवार होता.

तोंडचं पाणी पळालं. खोलीत जाऊन मी त्या खाटेवर बसले आणि आकड्यांकडं बघत राहिले. माफी मागायची आणि नऊशे अठ्ठ्याहत्तर लिहायचं, असं ठरवलंसुद्धा. मग काय वाटलं कुणास ठाऊक, सरांचा टोमणा आठवून तीन हजार नऊशे चौदाला चारानं भागलं. नऊशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक पाच. दुसऱ्याला भागलं, नऊशे ऐंशीच्या आसपास. तिसरा, नऊशे शहात्तर पूर्णांक काहीतरी. सगळे चौपट. माझा हात चुकत असता तर वेडावाकडा चुकला असता, असा शिस्तीत कसा चुकला असता? पण चौपट का, ते काही कळेना.

गुरुवारी आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. आमची मेंढरं गावाबाहेरच्या पडक्या रानात उतरली होती. ढोकीच्या बाजूला चाऱ्याला उसाची वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, तरी मिळतात, म्हणून तिकडून फिरून आली होती, आणि आता ती उमरग्याकडं निघणार होती. संध्याकाळी मी भेटायला गेले. मला बघून आबा म्हणाले, "लई वाळलीस गं."

"आबा, मला परीक्षेला बसू देतील का न्हाय तेच कळंना."

"का गं?"

"माझं उत्तर चुकतंय."

"मग बरुबर लिव्ह की."

मला रडावं का हसावं कळेना. आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "आमी परवा निघतू. खाट गेलीच तर तूबी चल. त्येच्यात काय घाबरायचं न्हाय. दोन साल शिकलीस, न्हाय शिकलीस, आमाला तू हाईस तेवढी बास." रागावून म्हटले असते तर मी भांडले असते. ते मायेनं म्हणाले, म्हणून भांडताही येईना. मला जायचं नव्हतं.

दिवस मावळायला आला तशी मेंढरं वाघरीत घालायची वेळ झाली. वाघर म्हणजे दोरीच्या जाळ्यांचं फिरतं कुंपण. त्याला एक तोंड ठेवतात, त्यातून मेंढरं आत जातात आणि जाता जाता मोजतात. आबा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. मधेच एक मेंढी बाहेर पळाली, तिचं कोकरू मागं राहिलं होतं. त्याला घेऊन ती परत आत शिरली. शेवटी आबा म्हणाले, "एकशे पंधरा. तुजी किती?"

"एकशे सतरा."

आबा हसले. "ती भाईर पळाली ती बी मोजलीस व्हय? आत जाणारी मोज गं. जाताना बी मोजशील आन येताना बी मोजशील, तर अशानं उद्या दुप्पट मेंढरं हुतील!"

मी तिथंच उभी राहिले. दुप्पट. मशीनचा डोळा दाराशीच बसलेला होता. गोळी जाताना उजेड अडत होता, आणि येतानाही अडत होता. मामा ज्याला एक म्हणायचे, त्याला मशीन दोन म्हणत होतं. वेळ निम्मी, आणि गणितात वेळेच्या वर्गानं भागायचं असतं, म्हणून उत्तर चौपट. "आबा!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की मेंढरं बुजली.

शुक्रवारी लॅब उघडायच्या आधी मी दारात. मामांनी कुलूप काढलं तसं त्यांना धरून आत नेलं, मशीन लावलं, गोळी सोडली. तांबडा आकडा बघितला. गोळी गेली : शून्य. आली : एक. गेली : दोन.

"मामा, बघा! हे दुप्पट मोजतंय!"

मामा शांतपणे म्हणाले, "व्हय. पयल्याच दिवशी बघितलं म्या."

"मग सांगितलं का न्हाय?"

"मला कोण इचारतंय, बाय? आन तू सोडून सगळ्या पोरांची उत्तरं बरुबर येत हुती. म्या म्हटलं, नव्या मशीनचा हिशेबच येगळा आसंल. त्येला निम्मं करून घेत आसतील, शिकल्याली माणसं."

मी कपाळावर हात मारला. अहो, उत्तरं बरोबर येत होती कारण मशीनकडं कुणी बघतच नव्हतं! वर्षभर तीस पोरं त्या मशीनपुढं उभी राहिली, आणि मशीन काय म्हणतंय ते एकानंही लिहिलं नाही. मशीन बिचारं रोज खरं दाखवत होतं.

सर साडेदहाच्या यष्टीनं आले. मी आधी माफी मागितली. मनापासून मागितली का? खरं सांगायचं तर नाही. पण मागितली. मग म्हटलं, "सर, एकदा मोठ्यानं मोजा. मशीन चालू करून."

"मला मोजायला शिकवतेस?"

"न्हाय सर. नुसतं मोजा."

मामांनी गोळी सोडली. सर उभे राहिले, हाताची घडी घालून, चेहऱ्यावर नाराजी. "शून्य. एक. दोन..." दहा म्हणाले आणि मशीन थांबलं. मशीनचे वीस मोजून झाले होते. सरांनी परत मोजलं. परत दहाला वीस. मग त्यांनी गोळी हातात धरली आणि हळूच दिव्यासमोरून नेली, हळूच परत आणली. आकडा एकानं वाढला, आणखी एकानं वाढला.

ते स्टुलावर बसले. टेबलावर सह्या झालेल्या जर्नलांची चळत होती. त्यांनी वरचं उघडलं. वीस आंदोलनांना चाळीस सेकंद. दुसरं उघडलं, चाळीस. तिसरं, चाळीस. चाळिसाचा आकडा या मशीननं कधी दाखवलाच नव्हता. प्रत्येक पानाखाली सरांची टिक आणि सही. मी तिथं उभी होते आणि मला वाटलं, आता हे माझ्यावर उलटणार.

सर म्हणाले, "मी काय बघून सह्या केल्या?"

हातातलं जर्नल मिटून ते म्हणाले, "मी कॉलेजात असताना असाच पास झालो. माझ्याकडंही एकाचं जर्नल होतं. लंबक मी आज पहिल्यांदा मोजला." हे ते मला सांगत होते, का मामांना, का स्वतःलाच, मला कळलं नाही. मग त्यांनी मान वर केली. "हे बघ, हे इथंच राहू दे. तुझ्या जर्नलवर सही करतो. तू जा."

मी म्हटलं, "बरं सर."

होय, म्हटलं. उगीच मोठेपणा कशाला सांगू? मला माझी खाट पाहिजे होती. बाकीच्या तीस पोरांची मला काय पडली होती?

सरांनी तांबडं पेन उघडलं. माझं पहिलं पान काढलं. 'चूक, पुन्हा करा' या शब्दांवर त्यांनी एक सरळ रेघ मारली आणि शेजारी सही केली. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर तेच. पेन थांबलं. त्यांनी तिसऱ्या पानावरची माझी मोजणी पुन्हा वाचली. मग चळतीवर हात ठेवून म्हणाले, "मामा, स्टॉपवॉचं काढा. सगळ्यांना बोलवा."

पुढचे दीड दिवस त्या लॅबमध्ये जी गर्दी झाली तशी उद्घाटनालाही नव्हती. तीस पोरं, चार स्टॉपवॉचं, त्यातलं एक बंद. पोरांनी मला शिव्या घातल्या. "हिच्यामुळं झालं सगळं!" एकानं तर जर्नल पुन्हा लिहायला लागलं म्हणून माझ्या सातव्या पिढीचा उद्धार केला. मी पण गप बसले नाही, तो भाग वेगळा. मामा मात्र स्टुलावरून उठले होते. ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते आणि पोरांच्या पाठीत चापट मारून सांगत होते, "शून्य म्हण रे, शून्य! एकापासनं सुरू केलंस का गेलं सगळं!" सर त्यांच्या मागं मागं फिरत होते. एका कोपऱ्यात उभं राहून ते स्वतःही मोजत होते, ओठ हलवत.

शनिवारी संध्याकाळी तीस जर्नलांत तीस वेगवेगळी उत्तरं होती. कुणाचं नऊशे साठ, कुणाचं नऊशे नव्वद. मी हातानं मोजून काढलेलं चौथ्या पानावर लिहिलं : नऊशे एकाहत्तर. सरांनी खाली सही केली.

माझा जीव भांड्यात पडला म्हणावं, तर अजून पूर्ण पडला नव्हता. परीक्षा बाकी होती, आणि परीक्षक बाहेरचे असायचे. ते विद्यापीठाकडून यायचे आणि जर्नल चाळून दहा प्रश्न विचारायचे. ज्या जर्नलात तांबडं दिसेल त्याचे गुण कापायचे, अशी त्यांची ख्याती होती.

मला प्रयोग भिंगाचा आला, तो ठीक झाला. मग तोंडी. परीक्षक जाड चष्म्याचे, उकाड्यानं वैतागलेले. त्यांच्या शेजारी आमचे सर बसलेले. परीक्षकांनी माझं जर्नल उघडलं आणि लंबकाच्या पानांवर थांबले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. तीन तांबडे शेरे, तीन रेघा. त्यांनी जर्नल माझ्याकडं फिरवलं.

"एकाच प्रयोगात तीनदा चूक? कुणाच्या चुका आहेत या?"

मी सरांकडं बघितलं. ते परीक्षकांच्या शेजारी बसले होते, नोकरी कायम व्हायची होती, आणि हेच परीक्षक उद्या विद्यापीठात कुणाला काय सांगतील त्यावर सगळं होतं. 'विद्यार्थिनीच्या, पण नंतर सुधारल्या', एवढं त्यांनी म्हटलं असतं तरी कुणाला खोटं वाटलं नसतं. माझे चार-सहा गुण गेले असते, आणि माझी खाट त्या चार-सहा गुणांवरच होती. आयुष्यात पहिल्यांदा मला भांडायला शब्द मिळेना.

सर म्हणाले, "माझ्या."

परीक्षकांनी चष्मा वर केला. "म्हणजे?"

"मुलीची मोजणी बरोबर होती. मशीन दोन्ही बाजूंनी मोजत होतं, ते मी तपासलं नव्हतं. शेरे मी दिले. तिन्ही चुकीचे."

परीक्षकांनी चौथ्या पानावर बोट ठेवलं. "आणि हा नऊशे एकाहत्तर? पुस्तकात किती आहे माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर," मी म्हटलं. "पण माझा तेवढाच आला."

त्यांनी गुण लिहिले, जर्नलवर सही केली आणि ते माझ्या हातात दिलं. "जा. पास आहेस. पुढचा नंबर पाठव."

मी बाहेर आले आणि लॅबच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. इतकी रडले की येणारीजाणारी पोरं थांबून बघायला लागली. मामा तांब्यात पाणी घेऊन धावत आले. माझ्या शेजारी उकिडवे बसले.

"नापास केलं व्हय गं?"

"न्हाय मामा. पास झाले."

"मग रडतीस कशापायी?"

"सर खरं बोलले, मामा."